स्वमग्न विद्यार्थ्यांच्या सवलती दहावीची वाट का पाहतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्या वृत्तपत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यशाच्या बातम्या आवर्जून छापल्या जातात. अलीकडे त्यांत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, विद्यार्थ्यांचाही उल्लेख येऊ लागला आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते. त्या बातमीत मुलाची जिद्द असते, आईचे कष्ट असतात, सत्काराचे छायाचित्र असते. मात्र त्या मुलाने पहिलीपासून नववीपर्यंतची वर्षे कशी काढली आणि त्याच्यासारखीच शाळेत दाखल झालेली इतर मुले कोणत्या इयत्तेत गळाली, हे त्या बातमीतून कळत नाही. जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी गणित आणि भूगोल हे विषय शिकवले आणि आता निवृत्त आहे. त्या काळात पाहिलेल्या मुलांवरून आणि नंतर कायद्याचे जे वाचन केले त्यावरून मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. वाढीव वेळ, लेखनिक (विद्यार्थ्याने सांगितलेले उत्तर लिहून देणारा मदतनीस), भाषा विषयातून सूट यांसारख्या परीक्षेतील सवलती आपल्याकडे दहावीच्या बोर्डाशी जणू बांधून टाकल्या आहेत. त्या शाळेच्या पहिल्या घटक चाचणीपासून मिळाल्या पाहिजेत, कारण दहावी उजाडेपर्यंत यांपैकी बहुतेक मुलांनी 'मला काही येत नाही' हे स्वतःबद्दल पक्के ठरवून टाकलेले असते आणि मग तासाभराचा वाढीव वेळ देऊनही ते मत बदलत नाही.

या विषयाशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून ती बालपणापासून असते. संवाद साधण्याची, समोरच्याचे मनोगत ओळखण्याची आणि आवाज, स्पर्श, प्रकाश, वास यांना प्रतिसाद देण्याची या मुलांची रीत निराळी असते. ठरलेल्या क्रमाची त्यांना ओढ असते आणि आवडीच्या विषयात ती खोलवर रमतात. काहींमध्ये बौद्धिक अक्षमताही सोबत असते, पुष्कळांमध्ये ती नसते. आईच्या मायेतील उणीव किंवा लसीकरण ही तिची कारणे नाहीत. आपल्या भागात मूल उशिरापर्यंत बोलले नाही तर 'हाऊ पोऱ्या मुका शे का?' हा प्रश्न आधी येतो, त्यामागोमाग नवस आणि उतारे येतात, आणि निदानाची मोलाची वर्षे त्यात जातात. मुली वर्गात इतरांचे पाहून वागण्याचा प्रयत्न करतात आणि गप्प बसतात, त्यामुळे त्यांच्याकडे तर आणखी उशिरा लक्ष जाते.

अभ्यासाच्या बाबतीत या मुलांचे वैशिष्ट्य असे, की ती सर्व विषयांत सारखी पुढे किंवा सारखी मागे क्वचितच असतात. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याला तापीच्या डाव्या तीराला मिळणाऱ्या उपनद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमाने पाठ होत्या: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. उजव्या तीरावरच्या अनेर, अरुणावती आणि गोमाई याही तो नकाशावर अचूक दाखवत असे. चाचणीत प्रश्न आला, 'तापी खोऱ्याचे तुमच्या परिसरातील महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.' त्याने ती जागा कोरी ठेवली. पुढच्या वेळी तोच प्रश्न मी तोडून विचारला: हतनूर धरण कोणत्या नदीवर आहे, रावेर आणि यावल तालुक्यांत कोणते फळपीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते, त्या पिकाला पाणी कोठून मिळते, पाणी कमी पडले तर शेतकऱ्याचे काय होते. त्याने चारही उत्तरे लिहिली आणि शेवटचे उत्तर वर्गातील अनेक हुशार मुलांपेक्षा भरीव होते. ज्ञान त्याच्याजवळ आधीही होते. 'महत्त्व' म्हणजे नेमके किती आणि कशाबद्दल लिहायचे, कोठे थांबायचे, हे त्या मोघम प्रश्नाने त्याला सांगितलेले नव्हते. आपल्या प्रश्नपत्रिका अशा न सांगितलेल्या अपेक्षांनी भरलेल्या असतात. इतर मुले त्या अंदाजाने ओळखतात, आणि नेमके हे अंदाज बांधणेच स्वमग्न विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते.

गणितात याच्या उलट घडते. उत्तर बरोबर असते, पण पायऱ्या लिहिलेल्या नसतात, म्हणून गुण कापले जातात. 'उत्तर तर आले आहे, मग मधले कशाला लिहायचे?' हा अशा विद्यार्थ्याचा प्रश्न उद्धटपणाचा नसतो. पायऱ्यांना वेगळे गुण आहेत, ही गुणांची वाटणीच त्याला कोणी उलगडून दाखवलेली नसते. एक सोडवलेले उदाहरण घेऊन प्रत्येक ओळीसमोर तिचे गुण लिहून दाखवले, की यांपैकी कित्येक मुले पुढे आयुष्यभर एकही पायरी गाळत नाहीत, कारण नियम एकदा कळला की तो काटेकोरपणे पाळणे हा त्यांचा स्वभावच असतो. हस्ताक्षराचा प्रश्न याहून वेगळा आहे. बोटांच्या सूक्ष्म हालचालींवर नियंत्रण कमी असल्याने अनेकांचा हात दुखतो आणि वेग मंदावतो, आणि तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत मुलाचे ज्ञान मोजण्याऐवजी त्याच्या मनगटाची ताकद मोजली जाते.

आत्मविश्वासाबद्दल आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. 'तू करू शकतोस', 'घाबरू नकोस', 'सकारात्मक राहा' असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या विचारानुसार, 'हे काम मला जमेल' या विश्वासाचे चार स्रोत असतात आणि त्यांतला सर्वांत बळकट स्रोत म्हणजे ते काम आपण स्वतः पार पाडल्याचा अनुभव. आपल्यासारख्या दुसऱ्या कोणाला ते जमलेले पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या क्षणी आपल्या शरीरमनाची असलेली अवस्था हे उरलेले तीन. आता खानदेशातील एखाद्या गावच्या शाळेत शिकणारा स्वमग्न विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. त्याच्यासारखे आणखी कोणी शिकून पुढे गेलेले त्याने पाहिलेले नसते. चिंता त्याच्या सोबतीला बहुधा असतेच: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ३१ अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या विश्लेषणात स्वमग्न मुले आणि किशोरवयीनांपैकी सुमारे ४० टक्के जणांमध्ये चिंतेचा किमान एक विकार आढळला होता. राहिला केवळ तोंडी धीर, आणि तोही मोघम. 'छान!' या शब्दाने त्याला काहीच कळत नाही. 'तिसऱ्या ओळीपर्यंत बरोबर आहे, चौथ्या ओळीतील वजाबाकी पुन्हा तपास' या वाक्याने कळते. म्हणजे या मुलाचा आत्मविश्वास ज्या एकाच भक्कम पायावर उभा राहू शकतो तो पाया म्हणजे प्रत्यक्ष यश, आणि ते यश दिसू देणारी परीक्षा आपण त्याला नऊ वर्षे नाकारतो.

येथे घरच्या भाषेविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे मूल घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलते, शाळेत प्रमाण मराठी ऐकते, आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या पालकांना 'घरची बोली बंद करा, एकाच भाषेत बोला' असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषांच्या वातावरणामुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला हानी पोहोचते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसलेले नाही. उलट ज्या आजीजवळ मूल सर्वांत निर्धास्त असते त्या आजीची भाषाच त्याच्याकडून काढून घेतली, तर त्याच्या बोलण्याच्या संधीच कमी होतात. वर्गात त्याने महत्प्रयासाने तोंड उघडून अहिराणीत दिलेल्या बरोबर उत्तराला हशा मिळाला, तर पुढचे कित्येक महिने तो हात वर करत नाही, हे मी पाहिलेले आहे. उत्तर बरोबर असेल तर ते आधी बरोबर म्हणावे, त्याचे प्रमाण मराठी रूप नंतर फळ्यावर लिहावे. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

आपल्या हवामानाचाही या मुलांच्या परीक्षेशी थेट संबंध आहे. मार्चपासून आपल्याकडे ऊन तापू लागते आणि शाळा सकाळच्या सत्रात भरवल्या जातात. इतर मुलांना त्याचा आनंद होतो. ज्याने आपला सगळा दिवस साडेदहाच्या घंटेभोवती रचलेला आहे त्या मुलासाठी मात्र हा बदल वार्षिक परीक्षेच्या ऐन तोंडावर, न सांगता आलेला असतो. आठवडाभर आधी नवे वेळापत्रक चित्रांसह त्याच्या हाती दिले, उठण्याच्या आणि डबा खाण्याच्या वेळा त्यात दाखवल्या, तर तो बदल तो स्वीकारतो. परीक्षा हॉलमध्ये खडखडणारा पंखा, पत्र्याच्या छताची धग, बाजूच्या मैदानातला लाउडस्पीकर, पर्यवेक्षकांचे सतत पाठीमागून येणे, हे सारे त्याच्या कानांवर आणि त्वचेवर आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी आदळत असते. अशा वेळी तो कानांवर हात ठेवतो, डुलतो किंवा पेन खाली ठेवून निश्चल बसून राहतो. त्याला आपण हट्ट म्हणतो किंवा 'याची तयारी झालेली नाही' असा निष्कर्ष काढतो. कोपऱ्यातील शांत खोली आणि ओळखीचे शिक्षक एवढ्यानेच त्याच प्रश्नपत्रिकेत मोठा फरक पडलेला मी एकाहून अधिक विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनुभवला आहे.

लेखनिकाच्या सवलतीबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे सर्वाधिक गैरसमज आहेत. दहावीच्या परीक्षेत लेखनिक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात बोलून लिहून घेणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. वाक्य पूर्ण मनात रचायचे, ते दुसऱ्याच्या लिहिण्याच्या वेगाने सांगायचे, विरामचिन्हे सांगायची, आकृती कशी काढायची हे शब्दांत सांगायचे, लिहिलेले पुन्हा वाचून घ्यायचे आणि चूक सापडली तर दुरुस्त करायला सांगायचे. बोलणे हाच ज्या विद्यार्थ्याचा सर्वांत अवघड प्रांत आहे, त्याला बोर्डाच्या पहिल्या दिवशी एका अनोळखी मुलाशेजारी बसवून 'सांग' म्हटले, तर तो गप्प राहणार हे उघड आहे. मग एक तर उत्तरपत्रिका कोरी राहते किंवा लेखनिक आपल्या मनाने लिहितो. दुसरा प्रकार मला अधिक घातक वाटतो. त्यात गुण मिळतात, पण ते आपले नाहीत हे त्या मुलाला नेमके कळते, कारण खरे-खोटे यांबाबत ही मुले फार काटेकोर असतात, आणि मग त्या गुणपत्रिकेतून त्याला कसलाही विश्वास मिळत नाही. म्हणून माझे मत असे, की ज्याचे काम वाढीव वेळेने भागते त्याला लेखनिक देऊ नये. ज्याला टंकलेखन जमते त्याला शाळेच्या परीक्षांत संगणकावर लिहू द्यावे. आणि ज्याला लेखनिकाची खरोखर गरज आहे त्याला निदान आठवीपासून तरी प्रत्येक चाचणीत लेखनिकासह बसवून त्याचा सराव करून घ्यावा. वाढीव वेळेचेही तसेच आहे. तासाला २० मिनिटे या हिशेबाने तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास अधिक मिळतो, परंतु तो तास कसा वापरायचा, कोणता प्रश्न आधी घ्यायचा, दमल्यावर किती वेळ डोळे मिटून बसायचे, हे आधी कधी अनुभवलेलेच नसेल तर तो शेवटचा तास मुलासाठी निव्वळ शिक्षा ठरतो.

हे सारे कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला स्थान दिले, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांत तिचा स्पष्ट उल्लेख झाला. हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करणे, वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे, आणि या गोष्टी दहावीलाच द्याव्यात असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कलम १६ नुसार प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवणे हे शैक्षणिक संस्थांबाबतचे कर्तव्य आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकांच्या हातात तर आणखी एक साधन पूर्वीपासून आहे. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशा पर्यायांची मुभा २०१० पासूनच दिलेली आहे. जो मुलगा पेनाने लिहू शकत नाही त्याने नकाशावर बोट ठेवून, कार्डे क्रमाने लावून किंवा प्रतिकृती करून दिलेले उत्तर नोंदवायला कोणाचीही आडकाठी नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची अडचण मात्र खरी आहे. स्वमग्नतेचे मूल्यमापन ४० मुद्द्यांच्या भारतीय मापन श्रेणीवर केले जाते आणि त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरील कुटुंबाला त्यासाठी सातपुड्याचे घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते, मजुरी बुडते, आणि तज्ज्ञ त्या दिवशी नसतील तर पुन्हा यावे लागते. शिवाय किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही म्हणून सौम्य स्वमग्नता असलेली मुले सवलतींबाहेर राहतात, आणि वर्गात धडपडत असलेली मुले बहुतेक हीच असतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात लेखनिकासारख्या वाजवी सोयीसाठी ४० टक्क्यांचे लक्षणीय दिव्यांगत्व ही पूर्वअट असू शकत नाही असे स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणातील उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता, परंतु त्यामागील तत्त्व आपल्या मुलांनाही तितकेच लागू पडते. शाळेतल्या घटक चाचणीसाठी तर मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्राची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. वर्गशिक्षकांचे निरीक्षण आणि पालकांशी झालेली चर्चा तेवढ्यासाठी पुरेशी आहे.

ही मागणी आत्ताच करण्यामागे एक तातडीचे कारण आहे. आपल्या राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी आहे, पण त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. अकरा वर्षांच्या स्वमग्न मुलाला, ज्याने कष्टाने आपल्या बाकावरच्या सोबत्याशी ओळख वाढवली आहे, त्या एकमेव सोबत्यापासून तोडून लहान मुलांच्या वर्गात बसवणे म्हणजे काय, याचा विचार व्हायला हवा. या दोन परीक्षांना सवलती मिळाल्या नाहीत, तर अनेक जण दहावीच्या सवलतींपर्यंत पोहोचणारच नाहीत.

इतर विद्यार्थ्यांवर अन्याय होईल, असा आक्षेप शिक्षक-कक्षात हमखास ऐकू येतो. प्रश्न तेच, अभ्यासक्रम तोच आणि उत्तर तपासण्याचे निकषही तेच असताना, लिहायला अधिक वेळ लागणाऱ्याला अधिक वेळ दिल्याने कोणाचा एकही गुण कमी होत नाही. मोघम प्रश्न स्पष्ट केला तर त्याचा लाभ सगळ्या वर्गाला होतो. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या कामाच्या ओझ्याचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे अशी स्थिती असलेल्या शाळा आपल्या तालुक्यांत आहेत. तेथील शिक्षकाला दोष देण्यासाठी हे पत्र नाही. त्याच्या मदतीला विशेष शिक्षक हवेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील शालेय स्तरावर पंधरामागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केले आहे. आपल्या तीनही जिल्हा परिषदांनी प्रत्येक तालुक्यात हे प्रमाण आज किती आहे ते जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

सर्वच स्वमग्न मुले दहावीची परीक्षा देतील असे नाही. काहींना आयुष्यभर भरपूर आधार लागेल, काहींसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग अधिक सोयीचा ठरेल. फक्त तो मार्ग मुलाच्या गरजेने निवडलेला असावा, शाळेच्या निकालाची टक्केवारी सांभाळण्यासाठी दाखवलेला नसावा. बसस्थानकावर 'चोपडा' ही पाटी स्वतः वाचून योग्य एसटीत चढणारा, सुटे पैसे मोजून घेणारा मुलगा शैक्षणिक प्रगतीच करत असतो आणि त्याची नोंद प्रगतिपुस्तकात झाली पाहिजे. दर वेळी जगप्रसिद्ध स्वमग्न शास्त्रज्ञांची आणि कलावंतांची उदाहरणे देऊन पालकांच्या मनात अलौकिक बुद्धीची आशा जागवणेही मला योग्य वाटत नाही. त्या ओझ्याखाली साध्या, प्रामाणिक प्रगतीचा आनंद हरवतो. पुढे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा कायद्याने राखीव आहेत, परंतु त्या जागांपर्यंत जाणारी वाट पहिलीच्या वर्गातूनच निघते.

आता शाळा उघडतील. मुख्याध्यापकांनी जूनमध्येच अशा प्रत्येक विद्यार्थ्याबाबत पालक आणि वर्गशिक्षक यांच्याशी बसून एका पानाची लेखी नोंद करावी: कोणता आवाज सहन होत नाही, प्रश्न कसा विचारला तर कळतो, लिहिण्यासाठी किती वेळ लागतो, अस्वस्थ झाल्यावर कोठे बसवायचे, कोणती सवलत कोणत्या चाचणीपासून द्यायची. विद्यार्थी सांगू शकत असेल तर त्यालाही विचारावे, कारण स्वतःच्या गरजा सांगता येणे हादेखील शिकण्याचाच भाग आहे. शिक्षक बदलले तरी ते पान पुढच्या वर्गात जावे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांपैकी एक तरी परिषद याच विषयाला द्यावी, आणि तीत प्रत्यक्ष प्रश्नपत्रिका घेऊन मोघम प्रश्न स्पष्ट कसे करायचे याचा सराव करून घ्यावा. नाशिक विभागीय मंडळाने बोर्डाच्या परीक्षेपूर्वी स्वमग्न विद्यार्थ्याला परीक्षा केंद्र, खोली आणि बाक पाहून येऊ द्यावे आणि त्याच्या लेखनिकाचे नाव शेवटच्या क्षणी बदलले जाणार नाही याची हमी द्यावी.

आपल्यालाही एक विनंती आहे. बोर्डाचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात, आणि सवलतीची मागणी त्याच वेळी करावी लागते, हे ग्रामीण भागातील अनेक पालकांना मुदत उलटल्यावर कळते. आपण आपल्या शिक्षणविषयक पानावर या सवलती, त्यांसाठी लागणारी कागदपत्रे आणि जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ उपलब्ध असण्याचे वार यांची माहिती जूनमध्ये एकदा आणि दिवाळीपूर्वी पुन्हा एकदा, तीनही जिल्ह्यांच्या आवृत्त्यांत, ठळकपणे छापावी.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
अमळनेर तालुका, जि. जळगाव